कर्तृत्वाला मुदत हवी

देशातील मेट्रोचे जाळे आता एक हजार किलोमीटरच्या पुढे गेले आहे. वीसहून अधिक शहरांत मेट्रो धावते आणि नव्या मार्गांच्या मंजुऱ्या निघत आहेत. यातला एखादा प्रकल्प रखडला की एक उद्गार हमखास ऐकू येतो : ‘इथे एखादा श्रीधरन हवा होता.’ या उद्गारात आदर आहे. परंतु त्यामुळे जी जबाबदारी शासनाची, ती एखाद्या असामान्य व्यक्तीच्या गुणांवर ढकलली जाते. ई. श्रीधरन यांच्या कारकिर्दीकडे प्रशासकाच्या नजरेने पाहिले, तर त्यातून निघणारा धडा वेगळा आहे.

डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात रामेश्वरमला जोडणारा पांबनचा रेल्वेपूल उद्ध्वस्त झाला. दुरुस्तीसाठी रेल्वेने सहा महिने ठरवले, वरिष्ठांनी ते तीनवर आणले आणि विशी-तिशीतल्या या अभियंत्याने काम ४६ दिवसांत पुरे केले. ही कथा सर्वांना ठाऊक असते. पण त्यानंतरचा अध्याय सहसा कोणी सांगत नाही. १९७० मध्ये हेच श्रीधरन देशातील पहिल्या मेट्रोच्या, म्हणजे कलकत्ता मेट्रोच्या, नियोजनाच्या कामावर होते. त्या प्रकल्पाची पायाभरणी डिसेंबर १९७२ मध्ये झाली. पहिला साडेतीन किलोमीटरांचा तुकडा १९८४ मध्ये सुरू झाला आणि दमदम ते टॉलीगंज ही सुमारे साडेसोळा किलोमीटरची मार्गिका पूर्ण व्हायला १९९५ उजाडले. बुद्धिमान अभियंत्यांची तिथे वाण नव्हती. काम मात्र रेल्वेच्या एका खात्याप्रमाणे चालत होते : निधी वर्षागणिक तुटपुंजा, जमिनीचे आणि भूमिगत वाहिन्यांचे प्रश्न अनेक यंत्रणांत विभागलेले आणि विलंबाचा जाब द्यायला नेमके कोणीच नाही.

पुढची दोन उदाहरणे याच्या उलट आहेत. १९९० मध्ये कोकण रेल्वेसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. त्याच्या भागभांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी सहा टक्के होता. उरलेला पैसा प्रामुख्याने रोख्यांतून उभा राहिला. सह्याद्रीच्या कुशीतून नव्वदहून अधिक बोगदे काढत ही रेल्वे १९९८ मध्ये पूर्णत्वाला गेली आणि त्या बांधणीचा बहुतेक काळ प्रमुख एकच होता. दिल्लीत १९९५ मध्ये केंद्र व दिल्ली सरकार यांच्या समान भागीदारीची कंपनी निघाली. श्रीधरन १९९७ च्या अखेरीस तिचे व्यवस्थापकीय संचालक झाले. डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी ही गाडी सुरू झाली आणि सुमारे ६५ किलोमीटरांचा पहिला टप्पा २००५ च्या अखेरीस, ठरल्या मुदतीच्या पावणेतीन वर्षे आधी, पूर्ण झाला. सहकारी निवडण्याचा आणि निविदांचा निर्णय करण्याचा अधिकार कंपनीकडेच होता. प्रत्येक वाद त्यांनी जिंकला असेही नाही. त्यांना प्रमाण रुंदीचा रूळमार्ग हवा होता. रेल्वेच्या आग्रहामुळे पहिला टप्पा ब्रॉडगेजच राहिला. निर्णय विरुद्ध गेला, तरी तो एकदाचा झाला म्हणून काम थांबले नाही.

श्रीधरन २०११ च्या अखेरीस निवृत्त झाले आणि त्यांचे उत्तराधिकारी २०२२ पर्यंत पदावर होते. चोवीस वर्षांत दोन प्रमुख! माझ्या सेवेत मी याच्या नेमके उलट चित्र पाहिले. राज्याच्या वित्त विभागात असताना एका शहरी वाहतूक प्रकल्पाच्या फायली माझ्याकडे येत. पाच वर्षांत त्यांवर चार वेगवेगळ्या प्रमुखांच्या सह्या होत्या. प्रत्येक नवा अधिकारी आराखडा पुन्हा तपासायला घेई. त्यात अप्रामाणिकपणा नव्हता, कारण दुसऱ्याच्या निर्णयाखाली सही करताना कोणीही सावध होतोच. मात्र तोवर कंत्राटदारांची देणी थकत आणि खर्च वाढे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला जेम्स बर्कली आठवतात. १८५० मध्ये ते ‘जीआयपी’ रेल्वेचे मुख्य अभियंते म्हणून मुंबईत आले. बोरीबंदर-ठाणे गाडी, मग थळ आणि बोर घाटांची आखणी व बांधणी, हे सारे त्यांच्याच हाताखाली झाले. १८६२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा बोर घाट खुला व्हायला जेमतेम काही महिने उरले होते. तथापि याच घाटात हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी दगावले, आणि त्यांचा हिशेब कोणी मागितला नाही.

म्हणूनच मुदतीबरोबर उत्तरदायित्वही हवे. कोकण रेल्वेच्या मार्गाविरुद्ध गोव्यात उभ्या राहिलेल्या आंदोलनाने खाजण जमिनींचा आणि वस्त्यांचा प्रश्न पुढे आणला. वेगाच्या नावाखाली असे प्रश्न बाजूला सारता येत नाहीत. जुलै २००९ मध्ये दिल्लीतील जमरूदपूर येथे बांधकामाधीन पूल कोसळून मजूर मृत्युमुखी पडले, तेव्हा श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही, ही गोष्ट वेगळी. जबाबदारी कोणाची, हे त्या दिवशी कोणाला शोधावे लागले नाही. एका वर्षात बदलून जाणाऱ्या अधिकाऱ्याकडून तशी अपेक्षाही करता येत नाही. हैदराबाद मेट्रोसाठी खासगी भागीदाराला सार्वजनिक जमीन देण्याच्या पद्धतीवर २००८ मध्ये त्यांनी केंद्राला पत्र लिहून आक्षेप घेतला होता. राज्य सरकार संतापले. पुढल्या वर्षी ते कंत्राट रद्द करावे लागले. असे पत्र लिहायला स्वभाव लागतो, तसा पदाचा भरवसाही लागतो.

तेव्हा मागणी साधी आहे. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणात पर्यायांच्या तौलनिक अभ्यासाची आणि खासगी सहभागाची अट आहे. तिच्या जोडीला आणखी एक अट घालावी : प्रकल्पाला मंजुरी मिळाल्यापासून पहिला टप्पा सुरू होईपर्यंत प्रमुख बदलायचा नाही आणि बदलायचाच झाल्यास कारणे लेखी नोंदवून विधिमंडळापुढे ठेवायची. खर्च, सुरक्षितता आणि प्रवासीसंख्या यांचा अहवाल त्याच प्रमुखाच्या सहीने दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. बदलीचा अधिकार हातचा सोडायला कोणत्याही मुख्यमंत्र्याला जड जाईल, हे मी जाणतो. पण करदात्याच्या हजारो कोटींची किंमत त्या अधिकाराहून मोठी आहे. कलकत्त्याची तेवीस वर्षे आणि दिल्लीची सात यांत जो फरक पडला, तो व्यवस्थेने पाडला. आणि व्यवस्था बदलणे सरकारच्या हाती आहे.