रेहेकुरीच्या फाटकावर मोजणी कोणाची?

आपल्या कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी काळवीट अभयारण्य 1980 साली घोषित झालं. क्षेत्र जेमतेम 2.17 चौरस किलोमीटर. अशा जागेचं नियोजन करण्याआधी लोक ती कशी वापरतात याचा अभ्यास करा, असं तज्ज्ञ सांगतात. करा की! पण मोजणारा उभा कुठे राहणार? फाटकावर राहिला तर त्याला गळ्यात कॅमेरा अडकवलेला पर्यटकच दिसणार. मग आराखड्यात पार्किंग येणार, मनोरा येणार. मेंढपाळ, सरपण शोधणारी भूमिहीन बाई आणि पालावरचा फासेपारधी यांच्या रकान्यात शून्य.

या शून्याचा अर्थ आपल्याला महाडने शिकवलाय. 4 ऑगस्ट 1923 रोजी बोले ठराव मंजूर झाला, पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं. कागदावर! 1926 साली कोणी वही घेऊन तळ्याकाठी बसला असता तर त्याने काय लिहिलं असतं? गुरं येतात, सवर्ण येतात, अस्पृश्य येत नाहीत; सबब त्यांना या पाण्याची गरज नाही. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा त्या वहीची किंमत कळली असती.

पारध्यांचं दुखणं आणखी खोल आहे. संस्थानिकांनी चित्ते पाळून काळविटं मारली, तो शौक. पारध्याने पोटासाठी फासा लावला, तर अख्खी जमात गुन्हेगार. 31 ऑगस्ट 1952 ला कायद्यातला शिक्का पुसला, लोकांच्या नजरेतला नाही. काळवीट जगलंच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण 1972 चा वन्यजीव कायदाच अभयारण्यातल्या लोकांच्या हक्कांची चौकशी करायला कलेक्टरला सांगतो. 2006 चा वनहक्क कायदा चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क मानतो. हे रकाने प्रश्नावलीत कोण घालणार?

मोजणी वर्षभर करा. बरेच धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात. जानेवारीत मोजाल तर मेंढपाळ सापडणारच नाही. नुसत्या ग्रामसभेच्या ठरावावर भागवू नका, तिथे पारध्याला बोलू देतात का ते आधी बघा. आत कोण येतं एवढंच विचारू नका. कोण येईनासं झालं, कधीपासून आणि कोणाच्या भीतीने, तेही विचारा. आणि मनोऱ्याचं टेंडर काढण्याआधी तो अहवाल पालावर जाऊन मोठ्याने वाचून दाखवा.