बॉडी बदलण्याआधी

हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी माझ्याकडे येतोच. विचारणारा बहुतेक वेळा तरुण कॅप्टन असतो. दोन-अडीच वर्षे फील्डमध्ये काढून दिल्लीला पोस्टिंगवर आलेला आणि तिकडे खर्चाला वावच नसल्याने खात्यात चार पैसे साठलेला. या वेळचा आमच्याच ऑफिसातला, कोल्हापूरकडचा. मेसमध्ये जेवताना म्हणाला, "सर, फुल फ्रेम घेऊन टाकू का? या कॅमेऱ्यात आता मजा येत नाही."

त्याच्याकडे चोवीस मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरवाला डीएसएलआर आहे. लेन्स एकच, कॅमेऱ्याच्या खोक्यातून आलेली १८-५५. मी म्हटले, "रविवारी सकाळी साडेआठला कस्तुरबा गांधी मार्गावर ये, कॅनॉट प्लेसच्या टोकाला. कॅमेरा आण. पाकीट आणू नकोस."

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना इथेच थांबता येईल. हौशी फोटोग्राफरने बॉडी सगळ्यात शेवटी बदलावी. त्याआधी काच. आणि काचेच्याही आधी आपल्या जुन्या फोटोंची व्यवस्था. हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. चार बॉड्या बदलून आणि एक फोटो कायमचा गमावून आलेले आहे. त्या फोटोविषयी शेवटी सांगतो.

कॅप्टनला मी आदल्या रात्रीचा गृहपाठ दिला होता. आपण काढलेल्या प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो किती मिलिमीटरवर, कोणत्या अ‍ॅपर्चरवर, किती आयएसओवर काढला याची नोंद असते. वर्षभराचे फोटो फोकल लेंग्थप्रमाणे लावायचे आणि मोजायचे. संगणकावर अर्ध्या तासाचे काम. रविवारी तो आला तो जरा खजील होऊनच. बहुतेक फोटो एकतर १८ वर नाहीतर ५५ वर. मधला सगळा झूम जवळपास कोरा. ५५ वरचे बहुतेक फोटो माणसांचे, त्यातले बरेच संध्याकाळचे, मेसमधल्या कार्यक्रमांतले. आयएसओ ६४००, चेहऱ्यांवर दाणे. मजा कुठे हरवली होती ते त्याच्याच फाइलींनी सांगितले.

आता साधा हिशेब करू. त्या १८-५५ चे अ‍ॅपर्चर लांबच्या टोकाला एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. त्याच जागी ५० मिमीची एफ/१.८ लेन्स लावली, तर आत येणारा प्रकाश साडेनऊपटीहून अधिक होतो. क्रॉपवरून फुल फ्रेमवर गेल्यास सेन्सरचे क्षेत्रफळ सव्वादोनपटीच्या आसपास वाढते. एक उपाय दहा-पंधरा हजारांचा, दुसरा लाखाच्या वरचा. आणि त्या लाखाच्या बॉडीवर पुन्हा एफ/५.६ चीच लेन्स लावली, तर संध्याकाळच्या कार्यक्रमात दाणे पुन्हा हजर. क्रॉप बॉडीवर ५० मिमीची लेन्स पंचाहत्तरसारखी दिसते, म्हणजे चेहऱ्यांसाठी अगदी बेताची. कॅप्टनला हवे होते ते हेच. फक्त दुकानात त्याचे नाव 'फुल फ्रेम' असे ऐकू आले होते.

मी तोफखान्यातला माणूस. गोळा लक्ष्याच्या डावीकडे पडला म्हणून कोणी नवी तोफ मागत नाही. पुढे ओपीत बसलेला अधिकारी आधी दुरुस्ती देतो. नवी रायफल हातात आली तरी पहिल्या दिवशी झिरोइंग करावेच लागते आणि रायफल बदलली म्हणून नेमबाज बदलत नाही. फौजेत हे आपण रिक्रूटालाही शिकवतो. कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलो की मात्र पहिल्याच गोळ्यानंतर तोफ बदलायला निघतो.

कस्तुरबा गांधी मार्ग म्हणजे जुना कर्झन रोड. कॅनॉट प्लेसहून निघून इंडिया गेटच्या षटकोनाला मिळतो. पायी जेमतेम अर्धा तास. त्या दिवशी आम्हाला तीन तास लागले, कारण मी त्याच्या झूमच्या रिंगवर चिकटपट्टी लावली होती. ३५ मिमीवर पक्की. जवळ हवे तर पुढे जा, मोठे दृश्य हवे तर मागे सर. ब्रिटिश कौन्सिलच्या इमारतीपाशी त्याची पहिली परीक्षा झाली. इमारत चार्ल्स कोरियांची, दर्शनी भिंतीवरचे भव्य झाडाचे चित्र हॉवर्ड हॉजकिन यांचे, पांढरा मकराना संगमरवर आणि काळा कडप्पा. "सर, फ्रेममध्ये मावत नाही," तो म्हणाला. मी म्हटले, "मग सगळे मावायलाच हवे का?" दहा मिनिटांनी त्याने झाडाची एकच फांदी आणि तिच्याखालून जाणारा सायकलवाला टिपला. वर्षभरातला त्याचा सगळ्यात चांगला फोटो असावा.

पुढे हेली रोडकडे वळून अग्रसेन की बावलीत उतरलो. शंभराहून अधिक पायऱ्या आणि तळाशी अंधार. 'पीके' चित्रपटानंतर इथे गर्दी वाढली आणि जो तो मोबाइल किंवा वाइड लेन्स घेऊन वरच्या पायरीवरून तोच फोटो काढतो. याच बावलीचा रघु राय यांचा एक गाजलेला कृष्णधवल फोटो आहे. पाण्यात झेप घेतलेला पोरगा आणि मागे वाढत चाललेली नवी दिल्ली. तो फोटो आज काढायचा म्हटले तर कितीही महागडी बॉडी आणा, जमणार नाही. पोरांनी झेप घ्यावी एवढे पाणी आता तिथे नाही. कॅमेरा जुना झाला की दुकानात नवा मिळतो. समोरचे दृश्य जुने झाले की संपले.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख अप्रामाणिक ठरेल. "कॅमेरा महत्त्वाचा नाही, डोळा महत्त्वाचा" हे वाक्य सांगणाऱ्याच्या गळ्यात बहुधा चांगला कॅमेरा असतो. हत्याराचे महत्त्व असतेच. भिगवणला उजनीच्या पाणवठ्यावर हिवाळ्यात पहाटे गेलात, तर होडीत तोफखाना भरलेला दिसेल. २००-५००, १५०-६०० अशा नळ्या. तिथे ५० मिमीने फ्लेमिंगो टिपायला जाणारा वेडाच. उडत्या पक्ष्याचा डोळा धरून ठेवणारा नवा ऑटोफोकस जुन्या बॉडीत नसतो, हे खरे आहे. मैदानावर खेळणाऱ्या मुलांचे फोटो काढणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो. तिसरे कारण आमच्या निवृत्त मंडळींचे. खांदा दुखतो. दोन-अडीच किलोची लेन्स घेऊन ताडोबात सहा तास जिप्सीत बसणे साठीनंतर जमत नाही. वजन कमी करायला मिररलेस घेतला, तर तो शौक म्हणू नये, ती सोय आहे. कारण एका वाक्यात सांगता आले आणि त्या वाक्यात 'नवीन' हा शब्द आला नाही, तर बॉडी खुशाल बदला.

बदलताना मात्र डोळे उघडे ठेवा. निकॉन आणि कॅनन दोघांनीही २०१८ साली फुल फ्रेम मिररलेससाठी नवे माउंट आणले. तेव्हापासून लोक जुन्या डीएसएलआरच्या लेन्सा विकायला काढताहेत. आपल्यासारख्यांना ही पर्वणी. चांदणी चौकातल्या कूचा चौधरीत चांगली जुनी काच मिळते. पण निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सांमध्ये मोटर नसते. डी३००० किंवा डी५००० मालिकेतल्या बॉडीवर त्या लावल्या तर हाताने फोकस करावा लागतो. नव्या झेड बॉडीवर एफटीझेड अ‍ॅडाप्टर लावूनही तेच. स्वस्त दिसली म्हणून उचललेली लेन्स अशी गळ्यात पडते. घेण्याआधी टॉर्चचा प्रकाश लेन्समधून आरपार टाकून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी, सरळ परत द्या. बॉडी जुनी असेल तर शटर किती वेळा उडाले आहे ते विचारा.

बुरशीवरून आठवले. आपल्या पोस्टिंगा कॅमेऱ्याला मानवत नाहीत. आसामच्या पावसाळ्यात माझी एक चांगली लेन्स बॅगेतल्या बॅगेत खराब झाली. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल एवढ्यावर ती वाचली असती. लेहच्या थंडीत बॅटरी खिशात, अंगाशी ठेवायची. आणि बाहेरून बुखारीच्या खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचा, म्हणजे दव पिशवीवर जमते, काचेवर नाही. या गोष्टी पन्नास-शंभर रुपयांच्या. त्या न केल्याने होणारे 'अपग्रेड' हजारोंचे.

अकराच्या सुमारास महाराष्ट्र सदनात मिसळ खायला बसलो. तिथे त्याने विचारले, "सर, एवढे सगळे माहीत असून तुम्ही चार बॉड्या का बदलल्यात?" रास्त प्रश्न. त्याला जे सांगितले तेच इथे लिहितो.

मागच्या वर्षी आमच्या युनिटचे एक निवृत्त सुभेदार साहेब राष्ट्रीय युद्ध स्मारक बघायला दिल्लीला आले होते. त्यागचक्राच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत. त्यातले एक आमच्या लान्स नायकाचे. सातारा जिल्ह्यातला पोरगा. आम्ही ते नाव शोधले, सुभेदार साहेबांनी त्यावरून बोट फिरवले आणि मग पिशवीतून एक फोटो काढला. युनिटच्या गणपतीत, आरतीच्या वेळी मी काढलेला. हातात टाळ, चेहऱ्यावर निरांजनाचा उजेड. त्याने घरी पाठवायला मागितला म्हणून मी बाजारातून एक प्रिंट काढून आणली होती. ती त्याच्या आईने भिंतीवर लावली आणि पावसाळ्यात भिंतीने ओल धरली. गालापासून कपाळापर्यंत डाग पसरला होता.

सुभेदार साहेब म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं मूळ फोटो असंलच. म्हातारीला मोठा करून द्यायचाय."

मी हो म्हणालो. घरी येऊन तीन रात्री शोधला. तो फोटो माझ्या पहिल्या कॅमेऱ्यावरचा. तो कॅमेरा विकताना सगळे फोटो एका हार्ड डिस्कवर टाकले होते, दुसरी प्रत नंतर करू म्हणून. त्यानंतर तीन बॉड्या आल्या, दरवेळी पैसे तिकडे गेले आणि दुसरी डिस्क राहून गेली. ती जुनी डिस्क आता सुरूच होत नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितली आणि मान हलवली. दोष त्याचा नाही आणि डिस्कचाही नाही.

शेवटी त्या डागाळलेल्या प्रिंटचाच फोटो काढला. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, ५० मिमीने. कपाळावरचा डाग जमेल तेवढा पुसला. पण ओलीने खाल्लेला भाग परत येत नाही. तिथे काय होते ते मलाही आठवत नाही. बारा बाय अठराची प्रिंट करून पाठवली. आईचा फोन आला. "लई चांगला झालाय, साहेब," म्हणाल्या. त्यांनी कॅमेरा कोणता हे विचारले नाही.

म्हणून माझा क्रम असा. पहिल्यांदा दोन हार्ड डिस्क, एक घरी आणि एक गावाकडे. दर वर्षी वीस-पंचवीस प्रिंट, आणि ज्यांचे फोटो काढले त्यांच्या हातात. चोवीस मेगापिक्सेलमधून वीस बाय तेरा इंचांची उत्तम प्रिंट निघते. आपल्यापैकी किती जणांनी गेल्या वर्षी अशी एक तरी काढली? मग एक चांगली लेन्स. मग प्रवास. बॉडी त्यानंतर.

मिसळ झाल्यावर आम्ही तसेच पुढे स्मारकापर्यंत चालत गेलो. कॅप्टनने ते नाव बघितले, सॅल्यूट केला. कॅमेरा गळ्यात होता, पण काढला नाही. परत येताना म्हणाला, "सर, माझ्या आधीच्या युनिटमधल्या पोरांचे फोटो सगळे लॅपटॉपवरच आहेत."

पुढच्या शनिवारी आम्ही दोघे बाजारात गेलो. त्याने दोन डिस्का घेतल्या आणि एक जुनी पण स्वच्छ ५० मिमी, मोटरवाली. फुल फ्रेमचा विषय दिवाळीनंतर काढू म्हणाला. काढू दे. तेव्हा कारण एका वाक्यात सांगता आले, तर मीच त्याच्याबरोबर कूचा चौधरीला जाईन.