करार पैशाचा, कौल कोणाचा?

30 जून 2017 च्या मध्यरात्री दहिसरच्या नाक्यावरील जकात संपली. मालमोटारींच्या रांगा आता संपतील म्हणून कांदिवली-बोरिवलीच्या रहिवाशांना हायसे वाटले असल्यास त्यात नवल नाही. पण त्या रांगांबरोबर मुंबई महानगरपालिकेचे सर्वांत मोठे स्वतःचे उत्पन्नही गेले, आणि राज्य सरकारच्या भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसण्याची पाळी तिच्यावर आली, हे फारच थोड्यांच्या ध्यानी आले. वस्तू व सेवा कराच्या घटनादुरुस्तीला 2016 साली संसदेने व निम्म्याहून अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी संमती दिली. महानगरपालिकेस विचारण्याची तरतूदच नव्हती. मग नागरिकाला कोण विचारतो!

एवढ्या मोठ्या आर्थिक व्यवस्थेवर सार्वमत घ्यावयास हवे होते काय? युरोपच्या राजकोषीय करारावर आयर्लंडने 31 मे 2012 रोजी ते घेतले. शेकडा साठ मते अनुकूल पडली, मतदानास मात्र निम्मेच मतदार आले. युरो चलनाच्या बारा राष्ट्रांनी मान्यता देताच तो करार अमलात यावयाचा होता, आणि जो त्यास नकार देईल त्याला नव्या संकटनिधीचे साहाय्य मिळावयाचे नव्हते. अशा मतपेटीत 'नाही' टाकण्याचे स्वातंत्र्य ते कितीसे?

गोव्याचा 16 जानेवारी 1967 चा कौल निराळ्या जातीचा. महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे की केंद्रशासित राहावयाचे, एवढाच प्रश्न. फूल आणि दोन पाने ही चिन्हे. 34,021 मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले. महाराष्ट्रात अनेकांना ते झोंबले. परंतु प्रश्न स्वच्छ होता, उत्तरही स्वच्छ मिळाले. कराचे तसे नाही. त्याचे दर आज एक, उद्या दुसरे. ते ठरविणाऱ्या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एकतृतीयांश आणि निर्णयास तीनचतुर्थांश बहुमत आवश्यक. म्हणजे केंद्राच्या मनाविरुद्ध तेथे पान हलत नाही. आज 'होय' म्हणणाऱ्या मतदाराने उद्याच्या कोणत्या दराला संमती दिली, असे समजावयाचे?

तेव्हा सार्वमताचा आग्रह आम्ही धरीत नाही. पण लोकांनी निवडलेल्या सभागृहासही बाजूस सारावे, हे त्यातून निघत नाही. मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षे या शहराचा कारभार प्रशासकाने पाहिला. अर्थसंकल्पावर हात वर करावयास एकही नगरसेवक नव्हता. आता नगरसेवक आले आहेत. त्यांनी भरपाईचा वर्षवार हिशेब मागून घ्यावा. तिच्या सूत्रात बदल करावयाचा झाल्यास तो आधी सभागृहापुढे यावा, त्यावर मतदान व्हावे, आणि आमच्या कांदिवलीच्या नगरसेवकांनी मत कोणत्या बाजूस दिले ते नावानिशी नोंदले जावे.