पडद्यावरचे अक्षर आणि चाळिशीचे डोळे

रक्ततपासणीचा रिपोर्ट, रुग्णालयाची अपॉइंटमेंट, मिळकतकराचे बिल, डेंग्यूविषयीची सूचना. पुणेकरांना हे सारे आता मोबाईलवर पाहावे लागते. माहिती पोहोचते, पण ती वाचता येते का, हे क्वचितच तपासले जाते.

चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे धूसर दिसू लागते. पुढे बाहुली लहान राहते, भिंग पिवळसर होते आणि दृष्टिपटलापर्यंत कमी प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेहाने डोळ्यांवर परिणाम झाला असेल, तर फिक्या-गडद रंगांतला फरक ओळखणे आणखी अवघड जाते. नेत्रतपासणीचा तक्ता पांढऱ्यावर काळा असतो. तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारी व्यक्तीही मोबाईलवरच्या फिकट राखाडी अक्षरांपाशी अडखळू शकते.

त्यात मराठीची वेगळी अडचण. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या पानात देवनागरी मजकूर तसाच ओतला जातो. आपल्या लिपीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार असतात आणि खाली उकार. ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. अक्षर बारीक झाले की ‘द्य’ आणि ‘द्ध’, ‘१’ आणि ‘९’ यांत गल्लत होते. औषधाच्या प्रमाणात अशी गल्लत महागात पडते.

यासाठी निकष आहेत. ‘डब्ल्यूथ्रीसी’ या जागतिक संस्थेनुसार साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ हवे; मजकूर दुप्पट मोठा केला तरी वाचता आला पाहिजे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तरीही अनेक सूचना कागद स्कॅन करून टाकल्या जातात. असे चित्र मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात शब्दच सापडत नाहीत.

भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मोठे काम पुण्याच्याच सी-डॅकमध्ये झाले. ‘मुक्ता’सारखे सुवाच्य युनिकोड फाँट मोफत मिळतात. मोठे अक्षर, मोकळ्या ओळी आणि गडद शाई यांना वेगळा खर्च नाही. कोणतेही आरोग्यविषयक पान सुरू करण्यापूर्वी ते साठीच्या चार-पाच जणांकडून मोबाईलवर वाचून घ्यावे. ते जिथे अडखळतील, तिथे दुरुस्ती पानाची करावी.