नागावच्या वाळूत ही पिशवी कुजणार नाही

स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणाऱ्या ‘ब्लू फ्लॅग’ मानांकनासाठी राज्याने ज्या पाच किनाऱ्यांची निवड केली, त्यांत श्रीवर्धन, गुहागर, लाडघर आणि डहाणूच्या पारनाक्याबरोबर अलिबाग तालुक्यातले नागाव आहे. सुरूच्या बनाआडचा वाळूचा लांब पट्टा आणि मागच्या नारळी-पोफळीच्या वाड्या पाहता ही निवड योग्यच म्हणावी लागेल. पण पर्यटनावर जगणाऱ्या अशा गावांत आता एक घातक समजूत रुजू लागली आहे. पिशवीवर, पेल्यावर किंवा चमच्यावर हिरवे पान छापलेले असले आणि शेजारी ‘कंपोस्टेबल’ असा शिक्का असला, की दुकानदार निर्धास्त होतो, पर्यटकही निर्धास्त होतो आणि कचरा मात्र जिथल्या तिथे राहतो.

महाराष्ट्राने मार्च 2018 मध्ये प्लॅस्टिकबंदी केली. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड ठरला. 1 जुलै 2022 पासून केंद्राने एकदाच वापरायच्या ठरावीक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आणली, त्यात शहाळ्यातली नळीही आली. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्याने कंपोस्टेबल पदार्थांपासून बनवलेल्या नळ्या, ताटल्या, पेले यांना प्रमाणपत्राच्या अटीवर सूट दिली. अडचण नेमकी या सुटीत आहे.

हे प्रमाणपत्र ज्या चाचणीवर मिळते, ती साधारण 58 अंश सेल्सिअसला, ओलावा आणि हवा राखलेल्या खताच्या ढिगात होते. तिथे 180 दिवसांत वस्तूचा 90 टक्के भाग विघटित झाला पाहिजे. हे तापमान महिनोन्‌महिने टिकवून धरणारे खत केंद्र मोठ्या शहरांतही मुश्किलीने सापडते, ग्रामपंचायतीने ते कुठून उभारायचे? घंटागाडीत ही पिशवी साध्या पिशवीबरोबरच पडते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. पुढे ती खड्ड्यात तरी जाते, नाहीतर संध्याकाळी कुणाच्या तरी कुंपणामागे पेटते. चुकून भंगारात गेलीच, तर चांगल्या प्लॅस्टिकचा मालही बिघडवते.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगवेगळ्या पिशव्या तीन वर्षे मातीत, समुद्रात आणि उघड्या हवेत ठेवून 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकलेली पिशवी तीन वर्षे मातीत आणि समुद्रात राहूनही बाजाराचे सामान पेलत होती. कंपोस्टेबल पिशवी समुद्राच्या पाण्यात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, हे मान्य करायलाच हवे. मातीत मात्र ती 27 महिन्यांनंतरही सापडली. नागावात कचरा आधी वाडीच्या मातीत जातो. पोफळीची मुळे वरच्या थरात पसरतात, पाटाने पाणी फिरवायचे असते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने आडव्या केलेल्या वाड्या लोकांनी पुन्हा लावल्या. त्या रोपांच्या आळ्यात पॉलिमरचे पापुद्रे साचू देणे हा अपराध आहे.

कागदी पेल्याचेही तेच. चहा पिऊन झाल्यावर पेला पाण्यात भिजत घाला आणि बोटाने चोळा. कागदाचा लगदा सुटतो आणि बोटांत एक पातळ, चिवट झिल्ली उरते. ती प्लॅस्टिकची असते. पावसाळी उधाणात समुद्र हेच सारे परत आणून टाकतो, त्यात मुंबईच्या खाड्यांतून वाहून आलेल्या मालाची भर असते. डोल जाळी लावणाऱ्या कोळ्याला कोलीम-जवळ्यातून प्लॅस्टिक निवडत बसावे लागते. त्या वेळेचे पैसे त्याला कोणी देत नाही.

पाण्याची रिकामी बाटली भंगारात विकली जाते, म्हणून ती कोणीतरी वेचते. वेफर्सचे चकचकीत पाकीट कोणी वाकून उचलत नाही. प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असल्याने त्याला भावच नाही. त्याची जबाबदारी कायद्याने उत्पादकावर आहे. पण देशात कुठेही तेवढे प्लॅस्टिक प्रक्रियेला गेल्याचे प्रमाणपत्र विकत घेतले, की कंपनी सुटते. नागावच्या वाळूतले पाकीट वाळूतच राहते. ही प्रमाणपत्रे तरी खरी असावीत! 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळालाच सहा लाखांवर बनावट प्रमाणपत्रे आढळली.

वेष्टनाला किंमत आली तरच ते परत येईल. 2018 च्या अधिसूचनेत राज्याने दुधाच्या पिशवीमागे 50 पैसे आणि पाण्याच्या बाटलीमागे ठेव घेऊन ती परत करण्याची तरतूद केली होती. ती कागदावरच राहिली. जर्मनीत 2003 पासून बाटलीमागे 25 सेंट ठेव आहे आणि दहातल्या नऊहून अधिक बाटल्या परत येतात. परदेशाचे सोडा, निलगिरी जिल्ह्यात मद्याच्या बाटलीवर 10 रुपये ठेव घेणे 2022 मध्ये सुरू झाले. गोव्याने 2024 मध्ये ठेव योजना अधिसूचित केली. मग आपल्याला अडवले कोणी?

ताटांसाठी तर कारखान्याकडे पाहायचीही गरज नाही. पोफळीची विरी वाडीत रोज गळते. तिच्या पत्रावळी-द्रोणांना 58 अंशांची भट्टी लागत नाही, वाडीतल्या खतखड्ड्यात त्या आपोआप मातीला मिळतात. घरगुती खानावळींनी स्टीलची ताटे आणि पाण्याचे पिंप ठेवावे. शहाळे तोंडाला लावून पिता येते.

पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात आणि पर्यटकही कमी असतात. तेवढ्या अवधीत ग्रामपंचायतीने टपऱ्यांचे परवाने बाटलीच्या ठेवीशी जोडावेत आणि किनाऱ्यावरच बाटल्या परत घेण्याचे केंद्र उघडावे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2022 ची सूट अशाच ठिकाणी लागू ठेवावी, जिथे हा माल कुजवणारे केंद्र खरोखर चालू आहे. ठेवीची तरतूद राज्यभर अमलात आणण्याची तारीख पर्यावरण खात्याने विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात जाहीर करावी.