आपले आरोग्य : न भरणारी जखम आणि आपल्याच रक्तातले औषध



मधुमेह जुना झाला की पाय बधिर होतात. काटा रुततो, चप्पल चावते, पण कळत नाही. कळते तेव्हा जखम झालेली असते. मग हळद लागते, कुणी सांगितलेला पाला बांधला जातो आणि महिना निघून जातो. जखम काळी पडते आणि शेवटी पाय कापण्याची वेळ येते. सफाई, बांधकाम, शेतमजुरी ही सारी उभ्याने करायची कामे. अशा घरात कर्त्या माणसाचा पाय गेला की घरच पांगळे होते.

अशा जखमांसाठी आता 'पीआरपी' नावाचा उपचार बऱ्याच ठिकाणी सुचवला जातो. तो काय आहे आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे आज समजून घेऊ.

आपल्या रक्तात पिवळसर पाण्यासारखा जो भाग असतो त्याला रक्तद्रव किंवा प्लाझ्मा म्हणतात. त्यात तांबड्या व पांढऱ्या पेशींबरोबर प्लेटलेट नावाचे सूक्ष्म कण तरंगतात. डेंग्यूच्या तापात ज्यांची संख्या घसरली की घरात धावपळ उडते, तेच हे कण. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात ते साधारण दीड ते साडेचार लाख असतात.

रक्त थांबवणे हे प्लेटलेटचे पहिले काम. दुसरे काम फारसे कुणाला ठाऊक नसते. जखमेवर चिकटल्यावर प्लेटलेट आपल्या पोटातील पुरचुंड्या सोडतात. त्यांत वाढीला चालना देणारी अनेक प्रथिने असतात. या निरोपाने जवळच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी जाग्या होतात, वाढतात आणि झाडाला धुमारे फुटावेत तसे नव्या वाहिन्यांचे कोंब जखमेकडे सरकतात. भरत आलेल्या जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार मांस दिसते. तो लाल रंग या नव्या वाहिन्यांचा असतो. त्यांच्यातून प्राणवायू आणि पोषण पोचले तरच कातडी धरते. मधुमेहात हे काम मंदावते, म्हणून जखम फिकट आणि तशीच राहते.

पीआरपी करताना रुग्णाचेच थोडे रक्त काढतात, ते गोठू नये म्हणून औषध मिसळतात आणि यंत्रात वेगाने फिरवतात. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात. वरच्या प्लाझ्मातला प्लेटलेटनी भरलेला भाग वेगळा काढून जखमेवर लावतात किंवा टोचतात. फ्रान्समध्ये 2001 साली न गोठण्याचे औषध न घालता, जाळीसारखा गोळा तयार करण्याची रीतही निघाली.

पण प्लेटलेट जितके जास्त तितका गुण जास्त, असे मात्र नाही. त्या पुरचुंड्यांत वाहिन्या वाढवणारी प्रथिने असतात, तशी वाढ रोखणारीही असतात. इटलीतील संशोधकांनी 2009 साली प्रयोगशाळेत रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींवर तपासले, तेव्हा घनमिलिमीटरला सुमारे पंधरा लाख प्लेटलेट असताना वाढ सर्वांत चांगली झाली. प्रमाण फार वाढवले तेव्हा ती उलट मंदावली. म्हणून कुणी 'आमच्याकडे सर्वांत कडक पीआरपी' अशी जाहिरात केली तर भुलू नये.

नवी वाहिनी सगळीकडे हिताची नसते, हेही ध्यानात ठेवावे. कर्करोगाची गाठ नव्या वाहिन्यांवर पोसते, ही कल्पना डॉ. ज्युडा फोकमन यांनी 1971 साली मांडली. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर फुटणाऱ्या नव्या वाहिन्या दृष्टी घालवतात आणि तिथे ती वाढ थांबवण्याची इंजेक्शने द्यावी लागतात. म्हणून कर्करोग झालेला असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगावे.

गुण येतो का? जगभरच्या चाचण्या एकत्र तपासून 2016 साली निघालेला निष्कर्ष असा, की मधुमेहाच्या पायाच्या जखमेत पीआरपीने फायदा होऊ शकतो, पण पुरावा भक्कम नाही. इतर जुनाट जखमांत तर फायदा होतो की नाही हेही स्पष्ट नाही. आणि पायाकडे जाणारी मोठी धमनीच तुंबली असेल तर नुसते पीआरपी काय करणार? मुख्य कालवा कोरडा असताना शेतात नव्या सऱ्या पाडून पाणी येत नाही.

केसपुत्त गावी कालामांना तथागतांनी जो उपदेश केला, तो दवाखान्यातही लागू आहे. कुणी मोठ्या माणसाने सांगितले एवढ्यावर विसंबू नये, स्वतः विचारून, पारखून घ्यावे. दागिने गहाण ठेवण्याआधी डॉक्टरांना हे नम्रपणे विचारा : पायाच्या नाडीची आणि रक्तप्रवाहाची तपासणी झाली का? जखमेत पू आहे का, हाडापर्यंत गेली आहे का? साखर आटोक्यात आहे का? किती वेळा करावे लागेल आणि एकूण खर्च किती? धमनी तुंबलेली निघाली तर त्या उपचारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सोय आहे का, हेही रुग्णालयात विचारावे.

घरची शिस्त मात्र बिनखर्चाची आहे. रोज रात्री दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा धरावा किंवा सुनेने, मुलाने पाहावे. पाय धुऊन कोरडे करावेत. कुरूप ब्लेडने कापू नये. बधिर पाय गरम पाण्यात बुडवू नयेत. उन्हाळ्यात विहाराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत तासन् तास उभे राहणाऱ्यांनी मऊ, बंद बूट घालावेत. तंबाखू, विडी सोडावी, कारण ती रक्तवाहिन्या आवळते. जखम दिसली की त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत पायांच्या वेदनांनी त्यांना फार छळले, तरी ते लिहीत राहिले. आज जी तपासणी आणि औषधे आपल्या हाताशी आहेत, ती त्या काळी नव्हती. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर विहारात वडीलधाऱ्यांचे पाय तपासण्याचा उपक्रम महिला मंडळांनी आणि तरुणांनी सुरू करावा. आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुऊन स्वच्छ करणाऱ्या बुद्धाचे आपण अनुयायी आहोत. दुसऱ्याच्या पायाला हात लावण्यात कमीपणा कसला?

नमो बुद्धाय! जय भीम!