कार्ड एकाचे, वाचणारे चौघे



आपल्या परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या गावचे वाचनालय डोळ्यांसमोर आणा, मग ते जिंतूरकडचे असो की पालम-गंगाखेडकडचे. सभासदांचे रजिस्टर उघडले तर नावे बहुधा घरधन्यांची. पण पुस्तक घरी गेल्यावर ते वाचते कोण? सूनबाई रात्रीची झाकपाक झाली की चार पाने वाचते. धाकटा मुलगा स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागलेला. आजोबांना चष्मा सापडला तर तेही बसतात. घरधनी पुस्तक नेणारा आणि आणून देणारा. रजिस्टरला यातले काही ठाऊक नसते.

हे सांगण्याचे कारण असे, की वाचनालयाने आता सभासदांना मोबाईलवर प्रश्नावली पाठवणे फार सोपे झाले आहे. गुगल फॉर्म म्हणतात तो प्रकार. पैसा लागत नाही, एक जीमेल खाते असले की झाले. प्रश्न मराठीतून लिहिता येतात, लिंक गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकता येते आणि आलेली उत्तरे आपोआप तक्त्यात मांडली जातात. गावातली कॉलेजात जाणारी कोणतीही मुलगी तासाभरात असा फॉर्म करून देईल. करणे सोपे आहे म्हणूनच विचार करून करायला हवा, कारण तो रजिस्टरातल्या नंबरांवर गेला तर उत्तर कोणाचे येणार? पुस्तक नेणाऱ्याचे!

शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. माती परीक्षणाचा नमुना आपण कसा घेतो? बांधाकडची माती घेत नाही, झाडाखालची घेत नाही, उकिरड्याजवळची तर मुळीच नाही. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेतो, सगळी माती एकत्र कालवतो आणि त्यातली अर्धा किलो पाठवतो. ज्याच्या हातात मोबाईल आहे आणि ज्याला लिहायचा कंटाळा नाही, त्याचेच उत्तर घेऊन गावाचे मत ठरवणे म्हणजे उकिरड्याजवळची माती पाठवण्यासारखेच. अहवाल झकास येईल, पीक मात्र त्याप्रमाणे येणार नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा ठेवावा : तुमच्या घरात पुस्तके कोण कोण वाचते? त्याखाली आजी, आजोबा, सून, मुलगी, मुलगा असे पर्याय द्यावेत आणि एकाहून अधिक खुणा करता येतील असा प्रकार निवडावा. त्या प्रत्येकाला त्याच फोनवरून वेगळा फॉर्म भरायला सांगावे. इथे एक गोम आहे. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘एका व्यक्तीचे एकच उत्तर’ अशी सोय असते. ती चालू केली की भरणाऱ्याला गुगल खात्यातून आत यावे लागते, आणि ज्या घरात सगळ्यांत मिळून एकच फोन आहे तिथे पहिल्याने भरले की बाकीच्यांना दार बंद. आपल्या गावांसाठी ती सोय बंदच ठेवावी. एखादा हौशी दोनदा भरेल, भरू द्या. सूनबाईचे उत्तर बुडण्यापेक्षा ते बरे.

आता प्रश्नांविषयी. ‘वाचनालयाची सेवा कशी वाटते?’ हा प्रश्न घालून काही उपयोग नाही. ग्रंथपाल गावचा, रोज पारावर भेटणारा. भिडेखातर जो तो ‘उत्तम’वर खूण करणार. त्यापेक्षा घडलेली गोष्ट विचारावी : पोळ्यापासून आजवर कोणते पुस्तक मागितले आणि मिळाले नाही? याचे उत्तर देताना भीड आड येत नाही. तारखेऐवजी सण सांगितला म्हणजे माणसाला आठवतेही चटकन. तसेच वेळेचे. ‘वाचनालयाची वेळ सोयीची आहे का?’ असे न विचारता, ‘तुम्हाला कोणत्या वेळी येता येईल?’ असे विचारावे. कापूस वेचून दिवेलागणीला घरी येणाऱ्या बाईला दुपारचे उघडे दार काय कामाचे?

जे येतच नाहीत त्यांचे काय? त्यासाठी या फॉर्ममध्ये एक छान सोय आहे. ‘तुम्ही वाचनालयात येता का?’ याला ‘नाही’ म्हटले की पुढचे प्रश्न वेगळे यावेत, असे ठरवता येते. येणाऱ्याला पुस्तकांविषयी विचारावे; न येणाऱ्याला एवढेच, की कशामुळे येत नाही : वेळ, वर्गणी, अंतर, की तिथे पुरुषमंडळी पेपर वाचत बसलेली असतात म्हणून? हा शेवटचा पर्याय अवश्य घाला. तोंडाने तो कोणी सांगणार नाही. सगळे मिळून सहा-सात प्रश्नांच्या वर जाऊ नये. लोकांना कामे असतात, बरे का!

नाव, फोन नंबर, आधार, जात यांतले काही विचारू नका. कोणती बाई कोणत्या विषयाचे पुस्तक मागते, ही गोष्ट गावात चर्चेला जायची नाही. ‘उत्तरांचा सारांश सर्वांना दाखवा’ अशीही एक सोय असते, ती बंद असल्याची खात्री करा. माणसाच्या खासगी माहितीचे रक्षण करणारा कायदा २०२३ साली झाला. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी आईवडिलांची संमती घ्यायला सांगितले आहे. नाव-नंबर घेतलाच नाही, तर ही चिंता बरीच हलकी होते.

ज्यांच्याकडे फोन नाही किंवा ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याकडे आपणच जायचे. बचत गटाची बैठक, रेशनचे दुकान, पार, जिथे माणसे जमतात तिथे विचारून त्यांच्या वतीने तोच फॉर्म भरावा. शेवटी ‘स्वतः भरला की दुसऱ्याने भरून दिला’ एवढी एक खूण ठेवावी, म्हणजे नमुना कोठून आला ते कळते. हे काम काही नवे नाही. ऑक्टोबर १९३१ मध्ये तमिळ मुलखात मन्नारगुडीला ग्रंथालयशास्त्राचे आचार्य डॉ. शि. रा. रंगनाथन यांच्या हस्ते बैलगाडीवरचे फिरते ग्रंथालय सुरू झाले होते. बैलगाडी पुस्तके घेऊन गावोगाव जाऊ शकते, तर एका मोबाईलला गल्लीत जायला काय हरकत आहे?

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आणि त्याखालचे १९७० चे अनुदानाचे नियम यांप्रमाणे वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. पुस्तके किती, सभासद किती, हे आकडे दप्तरी असतातच. गावाला वाचायचे काय आहे, ते त्या आकड्यांत कुठेच येत नाही. आणि खेड्यातल्या वाचनालयाकडे पुस्तकखरेदीला उरणारा पैसा तो केवढा! कपाटात कादंबऱ्यांच्या रांगा आहेत, पण सोयाबीनच्या किडीवर पुस्तिका नाही, बाळंतिणीच्या आहारावर काही नाही, असे असेल तर तो पैसा कोणाच्या कामी आला?

फॉर्म कधी पाठवावा, तेही सांगून टाकतो. पेरणीच्या नाही तर काढणीच्या घाईत पाठवला तर कोणी बघणार नाही. ज्वारीची मळणी उरकलेली असते, कापूस संपलेला असतो, तो एप्रिल चांगला. पंधरा दिवस चालू ठेवून मग उत्तरे घेणे बंद करावे. कोणती पुस्तके मागितली गेली आणि त्यांतली कोणती घेणार, याची यादी वाचनालयाच्या फळ्यावर लिहावी; घेता येणार नाहीत त्यांच्यापुढे कारणही लिहावे. ती यादी हाताशी असली म्हणजे १८ मेची संधी साधते. १९७२ साली त्या तारखेला आपले कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्या दिवशी परभणीला खरीप शेतकरी मेळावा भरतो. शेतीविषयाच्या पुस्तकांची चौकशी तिथेच करावी. विद्यापीठाचे ‘शेतीभाती’ मासिक वाचनालयात येत नसेल तर त्याचीही. राहिलेली पुस्तके १७ सप्टेंबरच्या रब्बी मेळाव्याला पाहता येतील. जाताना फळ्यावरची यादी कागदावर उतरवून खिशात ठेवावी, आणि ज्या सूनबाईने पुस्तक मागितले तिलाही बरोबर न्यावे.